दिवस मावळायच्या आत

अण्णा, मी सायकल शिकले. बावन्नाव्या वर्षी शिकले आणि आता चोपन्नाव्या वर्षी पन्हाळ्यापर्यंत जाऊन आले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहिते आहे, कारण मला तुमचा राग आलाय आणि तो दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखा नाही.

सुरुवात साखरेपासून झाली. तीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसून माझं जे व्हायचं ते झालं होतं. जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायची, म्हणजे धाप लागलेली कुणाला कळू नये. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "गोळी वाढवू का पाय हलवताय?" चालून गुडघे दुखत होते. मग सायकल चालवा म्हणाल्या. मला येत नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. पी.टी.च्या मास्तरांची मुलगी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या बापानं निम्म्या कोल्हापूरच्या मुलींना सायकल शिकवली, हे तर नाहीच. त्यांनीच रंकाळ्यावर जमणाऱ्या एका बायकांच्या ग्रुपचा पत्ता दिला. तिथं रविवारी सकाळी मोठ्या बायकांनाही शिकवतात म्हणे. मुलाची जुनी सायकल हातात धरून, चालत चालत, मी तिथं गेले.

आणि शिकवायला कोण, तर तुमची मुडशिंगी.

तिला मी पाठमोरी ओळखली. केस पिकलेत, अंगानं मात्र तशीच काटक आहे. पोलिसात नोकरी करून निवृत्त झाली. सायकलवरून उतरताना पाय मागून फिरवायची पद्धत तीच. शाळेत सगळ्या तिला गावावरूनच हाक मारायच्या. गडमुडशिंगीहून रोज वडिलांची उंच सायकल मारत यायची, आधी नळीखालून पाय घालून, नववीत गेल्यावर नळीवरून. तुम्ही तिला फाटकातून आत येताना बघितलंत आणि दुसऱ्या दिवसापासून शर्यतीच्या सरावाला उभी केलीत. त्या वर्षी मी पाचवीत होते. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी? माझं आडनाव वेगळं, अंग वेगळं. नाव विचारलं तेव्हा मी सासरचं सांगितलं.

"ओ ताई," पहिल्याच दिवशी ती सगळ्या रंकाळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "सायकल हाय ती, म्हस न्हाय! एवढी आवळून का धरलाय?"

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग तिनं सीटखाली हात घातला आणि म्हणाली, "चाकाकडं बघू नका. त्या लांबच्या झाडाकडं बघा. आमचे सर म्हणायचे, चाक कुठं जात न्हाई, खालीच असतंय."

आमचे सर. अण्णा, हे वाक्य तुम्ही मलाही एकदा म्हणाला होतात. मी दहा वर्षांची होते. एका रविवारी मला शाळेच्या मैदानावर नेलंत. तुमच्या शर्यतीच्या मुली होत्या, ती पण होती. दोन फेऱ्या तुम्ही सीट धरून माझ्यामागं पळालात, तिसऱ्या फेरीला हात सोडलात आणि मी पडले. गुडघा फुटला. मी मोठ्यानं रडले आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "हिच्यानं व्हायचं न्हाई. जा, सावलीत बस जा." मी जाऊन बसले. त्यानंतर तुम्ही कधी ऊठ म्हणाला नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी कंपासपेटी घेऊन आलात. निळी, पत्र्याची. "तुझं डोकं चालतंय, तू अभ्यास कर," म्हणालात. ती पेटी माझ्याकडं अजून आहे. पण त्या दिवशी मला पेटी नको होती.

तिच्या हाताखाली मी दोन महिन्यांत शिकले. चार वेळा पडले. पडले की ती जवळ यायची नाही, लांबूनच म्हणायची, "उठा, काय झालं न्हाई." कधी मान हलवायची, कधी घड्याळ बघून ओठ आवळायची, आणि दर वेळी मला कळायचं की हे कुणाचं आहे. तुमचं सगळं हिच्याकडं गेलंय. माझ्याकडं तुमचं नाक आलं, आणि साखर. एक गोष्ट तर फारच लागते. ती अजून कोल्हापुरी पोरींसारखं "मी आलतो, मी गेलतो" बोलते. मी तसं बोलले की तुम्ही डोळे वटारायचात. तिला तुम्ही कधी टोकलं नसणार.

मी गप्प राहून शिकत गेले. आधी रंकाळ्याची एक फेरी, मग तीन. मग शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत. सकाळी उसाच्या शेतांतून गार वारा येतो. घाम आलेल्या पाठीला तो लागला की इतकं बरं वाटतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. झोप लागायला लागली. कमरेचं माप उतरलं. ऑफिसचा जिना आता न थांबता चढते. तिथला शिपाई परवा म्हणाला, "मॅडम, पर्समधलं सापडलं वाटतं." म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

हे सगळं तिच्यामुळं झालं. तरी दर रविवारी घरी येताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालायचा, की तुमच्यातलं तिला किती मिळालं आणि मला किती. त्या हिशेबात माझ्या बाजूला एक गोष्ट होती, आणि ती मी फार जपून ठेवली होती.

तुम्हाला आठवतं का, शर्यती जवळ आल्या की तुम्ही संध्याकाळी उशिरा यायचात. आपल्या घरात दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही. आई पाचलाच स्वयंपाक उरकायची. तुमचं ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि खिडकीशी उभी राहायची. समोरच्या घराच्या कौलांवरचं ऊन वर वर सरकायचं. ते गेलं की आई ताट उचलायची. "आज बी उपाशीच," म्हणायची. मी माझं ताट पुढं ढकलते. "अण्णा जेवले न्हाईत, मग मी बी न्हाई." अंधार पडल्यावर तुम्ही येता, मोरीत पाय धुता. आई करवादते, "शर्यत पोरींची हाय का तुमची?" तुम्ही म्हणता, "मला नको. भूक न्हाई." आई माझ्याकडं बोट दाखवते, "आणि हीबी तुमच्यापायी उपाशी." एकदा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "कशाला गं?" एवढंच म्हणालात. तो हात मला अजून आठवतो. तिच्याकडं तुमच्या संध्याकाळी असतील, पण तुमच्या उपासात सोबत माझी होती. एवढी वर्षं मी हेच धरून होते.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या अलीकडं, घाट लागायच्या आधी, झाडाखाली थांबलो. कुणी केळी काढली, कुणी राजगिऱ्याचे लाडू. तिनं स्टीलचा डबा उघडला. त्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"घ्या, लसूण न्हाई हं."

"बिनलसणाची चटणी?" आमच्यातली एक बँकेतली बाई म्हणाली. "आजारी हायसा काय?"

"न्हाई वो, जुनी सवय. आमचे सर जैन. त्यांना लसूण चालायचा न्हाई. माझी आई खलबत्ता घासून धुऊन त्यांच्यासाठी वेगळी चटणी कुटायची. सराव झाला की सर आधी घड्याळ बघायचे, मग सूर्य. आणि म्हणायचे, 'काढ गं डबा, दिवस मावळायच्या आत.' मैदानाच्या भिंतीला टेकून दोघं अर्धी अर्धी भाकरी खायचो. मग मला मुडशिंगीच्या वेशीपर्यंत पोचवायचे. मी पुढं, ते मागं. मुडशिंगीला पोचेस्तोवर पार काळोख व्हायचा."

"आणि घरी जाऊन परत जेवायचे?"

"घरी कुठलं? घरी दिवस मावळलेला की!"

सगळ्या हसल्या. मी हातात घास धरून बसले होते. ती हसायची थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, तिचा आवाज हळू होतो हे मला तोवर माहीत नव्हतं, "आम्ही बौद्ध. शाळेतल्या एक बाई माझ्या पाण्याच्या बाटलीला हात लावायच्या न्हाईत. आणि सर म्हणायचे, 'आईला सांग, मीठ बरोबर झालंय.' तेवढं ऐकायला आई दारात उभी असायची. घरात जायच्या आधीच विचारायची, काय म्हणाले?"

मी घास खाल्ला. मीठ बरोबर होतं.

मग घाट सुरू झाला. आजवर दुसऱ्या वळणावर मी उतरून सायकल ढकलत नेत होते. त्या दिवशी उतरले नाही. पायाखाली पॅडल फिरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला माझ्या डोक्यात एकच वाजत होतं: खाल्लं होतं, खाल्लं होतं. गिअर हलका केला. मांड्या पेटल्या. कानात रक्त धडधडत होतं. मी खिडकीशी उभ्या आईकडं बघत बसायची तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून भाकरी खात होतात. मी रिकाम्या पोटी गणितं सोडवायची तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या मुलीमागून सायकल चालवत तिला घरी पोचवत होतात. तुम्ही खोटंही बोलला नाहीत. "मला नको, भूक न्हाई." खरंच नव्हती.

ती मागून आली आणि ओरडली, "ओ ताई! आज काय खाऊन आलाय?"

तुमच्याच डब्यातलं, असं म्हणायचं होतं. दम नव्हता.

वर पन्हाळ्याच्या नाक्यापाशी मी पोचले. पहिल्यांदाच न उतरता वर आले होते. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पाठीवर एक थाप मारली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमचे सर असते तर काय म्हणाले असते?"

"काय न्हाई. घड्याळ बघितलं असतं." मग म्हणाली, "पण घरी जाताना शीळ घातली असती. खूश असले की शीळ घालायचे."

अण्णा, तुम्ही शीळ घालायचात? घरात कधीच नाही घातलीत.

"तुमचं माहेर कुठलं वो?" तिनं विचारलं.

"कोल्हापूरच."

"कुठली पेठ?"

मी भलतीच पेठ सांगितली.

तुम्ही घरी का सांगितलं नाहीत, हे मला कळतं. आपल्याकडं कुणाच्या घरचं चालतं आणि कुणाच्या घरचं नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आईनं तुम्हाला दारातच अंघोळ करायला लावली असती, शाळेपर्यंत बोभाटा झाला असता, तिचा सराव थांबला असता आणि तिची आई दारात वाट बघत राहिली असती. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. हे सगळं मला कळतं आणि तरी राग जात नाही. मला सांगायचं होतंत. मी कुणापाशी बोलले नसते. मी न बोलणारी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. मोरीत पाय धुताना नुसतं कानात म्हणायचं, "जेवलोय गं, तू जेव."

गोळी निम्मी झाली आहे. डॉक्टरीणबाई खूश आहेत. मी तिला अजून सांगितलेलं नाही की मी कोण. सांगितलं की ती जपून बोलायला लागेल, आणि मग शिळेसारख्या गोष्टी मला कळायच्या नाहीत. परवाच्या रविवारी तिनं मला विचारलं, "चटणी आवडली वाटतं? जास्त आणू?" मी हो म्हणाले.

आईलाही सांगितलेलं नाही. ती ऐंशीची झाली, माझ्याकडंच असते. घरी कोण आलं की अजून सांगते, "माझी पोर बापासाठी उपाशी झोपायची." गेल्या आठवड्यात माझ्या सुनेला सांगत होती. मी तिथंच भाजी निवडत होते, मान वर केली नाही. तुमची भाकरी तिच्यापासून लपवली.

आणि माझीही. ताट ढकलून मी अभ्यासाला आतल्या खोलीत जायची, तेव्हा त्या निळ्या कंपासपेटीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा असायचा. रोज नाही, पण बऱ्याचदा. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात त्या दिवशीही होता. तुम्ही निदान दिवस असताना खाल्लंत, अण्णा. मी अंधार पडल्यावर खायची.