मागच्या चाकातली हवा

मंगळवार, दिवेलागणीनंतर

उद्या सायकलनं जिवतीला निघायचं, सत्तराव्या वर्षी आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास. आणि मागचं चाक आज तिसऱ्यांदा बसलं! सायकल दुकानातल्या सलीमभाईनं ट्यूब पाण्यात बुडवून दाखवली. एक बुडबुडा नाही. "ओझं कमी घ्या भाऊ, उन्हं चढल्यावरच निघा, अन् जंगलात कविता मोठ्यानं म्हणत जा, वाघ दूर राह्यते." शाळेतल्या सगळ्या पाठ आहेत. पण हवा जाते कुठं? सलीमभाईच तर वाल्व्ह सैल ठेवत नसेल?

जेवताना हिच्या बोटांना काळं दिसलं. विचारलं.

"मीच काढली हवा. जंगलाच्या रस्त्यानं एकटं कोणी जाते का? सोबती आणा, मंग जा."

सोबती आणा म्हणे. माझ्या शाळेच्या वर्गातलं सायकल चालवणारं आता कोणीच उरलं नाही, हे हिला पक्कं ठाऊक आहे.