बहात्तर दातांचं रॅचेट

बाबा, सोमवारी माझ्यासमोर एक कागद येणार आहे आणि त्यावर मी सही करणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला मागे फिरता येणार नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून अमरावतीतच आहे, त्याच संस्थेत, पोरापोरींना ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवते. आई माझ्याजवळ असते. या वर्षी वर्कशॉपसाठी नट-बोल्ट फिरवायच्या रॅचेटचे आणि त्यावर बसणाऱ्या गोट्यांचे, म्हणजे सॉकेटचे, संच घ्यायचे आहेत. निवड करायला आम्ही तिघं आहोत: आमचे प्राचार्य, भांडारपाल आणि मी. दोन नमुने आलेत. एक मोठी निळी पेटी, तिच्यात एकशे आठ नग. उघडली की मिठाईच्या ट्रेसारखी भरगच्च दिसते. दुसरी लहान, पत्र्याची, तिच्यात चोवीसच नग, पण एकेक गोटी उचलली की वजन कळतं. प्राचार्यांना निळी हवी आहे. भांडारपालांना प्राचार्यांना हवी ती हवी आहे. राहिले मी, आणि माझी सही झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

तुम्ही असता तर दोन्ही पेट्यांचा निकाल उभ्या उभ्या लावला असता. अकोल्याला बाजार समितीच्या मागे तुमचं पत्र्याचं गॅरेज, आणि तिथून सायकलवर जवळच चाचांचं हत्यारांचं दुकान. गोटी घ्यायला निघालात की तुम्ही शर्टाच्या खिशात एक जुना नट टाकायचात, कडा शाबूत असलेला. मी सातवी-आठवीत असेन, मागच्या कॅरिअरवर बसून यायचे. दुकानात तुम्ही तो नट डाव्या हातात धरता, त्यावर गोटी बसवता, डोळे मिटता आणि अगदी हळू फिरवता. गोटी नटावर किती डुलते ते बोटांनी पाहता. मग तिच्या तोंडाची जाडी नखानं चाचपता, मग आत करंगळी घालून कोन मोजता. सहा कोन असले तर बाजूला ठेवता, बारा असले तर परत करता. शेवटी रॅचेट कानाशी धरून फिरवता, घड्याळ ऐकावं तसं. चाचा गल्ल्यावरून ओरडतात, "अरे भाई, गोटी घेऊन राहिला का पोरीसाठी स्थळ पाहून राहिला?" तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "स्थळ चुकलं तं पोरगी घरी वापस येते. गोटी चुकली तं बोट वापस येत नाई." चाचा खो-खो हसतात. मला मात्र राग आला होता, गोटीपुढे माझी किंमत कमी ठरली म्हणून.

बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते, पण नटाला फक्त कोपऱ्यांवर धरते. नट जाम असला की ती कोपरे खाते आणि नट गोल होऊन बसतो. सहा कोनांची गोटी नटाला अंगभर धरते. हे मी आता फळ्यावर आकृती काढून शिकवते आणि पोरं वहीत उतरवून घेतात. तुम्ही मला ते एका वाक्यात शिकवलं होतं, "बारा कोनाची घाई आन् सहा कोनाचा भरोसा." ही ओळ मी वर्गात माझी म्हणूनच खपवते, तेवढं चालवून घ्या.

बोलणी मात्र तुमची एकदाच खाल्ली, पण अशी खाल्ली की अजून कानात आहेत. बारावीच्या सुट्टीत मी गॅरेजवर यायला लागले होते. एक नट सुटेना, तर मी रॅचेटच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि लोंबकळले. तुम्ही येऊन ते माझ्या हातातून काढून घेतलंत. आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं.

"हे कावून लावलं?"

"नट सुटून नाई राहिला, बाबा."

"मंग टामी घ्याची, बिनदाताचा दांडा. सोडवाले टामी असते, फिरवाले रॅचेट. याच्या पोटात दात हायेत, ते तुह्या हट्टासाठी नाई बनवले."

आणि ते रॅचेट उघडून तुम्ही माझ्याकडून दात मोजून घेतलेत. चोवीस. मी भागाकार करून सांगितलं, एका दाताला पंधरा अंश, म्हणजे दांडा निदान पंधरा अंश फिरेल एवढी जागा हवी, नाहीतर पुढचा दात पकडणारच नाही. तुम्ही समोरच्या गिऱ्हाइकाकडे असं पाहिलंत की जणू मी परीक्षेत पहिली आले. मग त्यात बोटभर ग्रीस भरून झाकण लावलंत, चाकाच्या बेअरिंगला भरतात तेच, दाट, तपकिरी. जुन्या रॅचेटचे दात मोठे, त्या दातांत अडकणारा आतला खटका जाड, त्याला ते ग्रीस मानवायचं. सुट्टीच्या दिवशी सगळी हत्यारं पुसून, ग्रीस भरून ठेवायची ही तुमची रीत होती, आणि ज्याच्यावर जास्त जीव त्याच्यात जास्त ग्रीस.

आता शुक्रवारचं सांगते. वर्कशॉपमधल्या जुन्या ट्रॅक्टरवर एकोणीस मिलिमीटरचा एक गंजलेला नट मी मुद्दाम राखून ठेवला होता. प्राचार्यांना आणि भांडारपालांना बोलावलं आणि निळ्या पेटीतली बारा कोनांची गोटी, त्याच पेटीतल्या टामीवर चढवून, त्या नटावर लावली. दुसऱ्या झटक्याला नटाचे कोपरे गेले आणि गोटीला उभी चीर पडली. त्याच पेटीतलं रॅचेट व्हाइसमध्ये पकडलेल्या एका बोल्टवर लावून साधं आवळायला घेतलं, तर ते मधेच सुटून फिरलं. मग शेजारच्याच तसल्याच नटावर लहान पेटीतली सहा कोनांची गोटी लावली. नट कुरकुरला आणि सुटला. एवढं डोळ्यांसमोर घडल्यावर मला वाटलं, विषय संपला.

"मॅडम, तुमी जोर जास्त लावला," प्राचार्य म्हणाले.

"सर, जाम झालेला नट जोर इचारून सुटते का?"

"पोट्टे तोडतातच वो हत्यारं. एकशे आठ नग हायेत. उद्या तपासणीले लोक आले तं पेटी उघडून दाखवता येते."

"दाखवाले कपाट हाये सर. हे पोरापोरींच्या हातात द्याचं हाये."

ते काही वाईट माणूस नाहीत, बाबा. मागच्या वर्षी छत गळत होतं तेव्हा वर चढून ताडपत्री त्यांनीच बांधली. पण तपासणी म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. जाता जाता म्हणाले, "तुमी कावून एवढं मनावर घेऊन राहिल्या? सोमवारी त्या तुलना तक्त्यावर सही करा. तुमच्या बदलीचा कागदबी माह्याच टेबलावर पडून हाये, तो म्या अजून वर पाठवला नाई." बोलले हळू, पण अर्थ स्वच्छ होता. सही केली नाही तर मी कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यात, आणि आईचे गुडघे, तिचा डॉक्टर, तिच्यासोबत विहारात वंदनेला बसणाऱ्या बाया, सगळं इथं.

मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "डॉक्टर काय एकाच गावाले असते? सही करू नको." आणि पुढची शेंग घेतली.

प्राचार्यांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. लहान पेटीवरही मी दोन दिवस अडखळले. तिच्यातलं रॅचेट बहात्तर दातांचं आहे, मी तुम्हाला दिलं होतं अगदी तसंच. हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. चोवीस दातांचं जाडंभरडं, दणकट काहीतरी मागवावं, असं शिफारशीत लिहूनही टाकलं होतं. मग खोडलं. हत्याराची चूक नसताना त्याला नापास करायचं, हे तुम्ही कधी केलं नसतं.

पहिल्या पगारातून तुमचं ते रॅचेट मी इथंच, अमरावतीत घेतलं होतं. रविवारी अकोल्याला आले आणि गॅरेजवरच तुमच्या हातात दिलं. तुम्ही आधी चिंधीनं हात पुसलेत, मग पुन्हा पुसलेत, मग ते कानाशी नेलंत. "हे तं बोलतच नाई. नुसतं कुजबुजते." पाच अंश हलवलं की पुढचा दात पकडायचं, इंजिनाच्या कडेच्या अडचणीत, जिथं हात कसाबसा शिरतो, तिथं ते काम करायचं. तुम्ही ते चाचांना दाखवून आणलंत, शेजारच्या वेल्डरला दाखवून आणलंत. बाकीच्या हत्यारांच्या पेटीत न टाकता वेगळ्या खिळ्याला टांगलंत. आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या पोटात गच्च ग्रीस भरलंत.

त्या डिसेंबरात कडाक्याची थंडी होती. सकाळी सकाळी स्टार्टरचा बोल्ट आवळायला तुम्ही ट्रॅक्टरखाली गेलात. टामी फिरायला जागा नव्हती, म्हणून हेच रॅचेट घेतलंत. ग्रीस थिजलेलं, आतला बारीक खटका त्यात तरंगत होता, दातांत पुरता बसलाच नाही. तुम्ही जोर लावला आणि ते सुटलं. हात चेसिसच्या कडेवर आदळला. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची हाडं मोडली, जुळली ती वाकडी जुळली, आणि ती बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्यानंतर घरी गेले की मी स्वयंपाकघरात पाहायचे: तुम्ही हात धुऊन येण्याआधीच आई तुमच्या ताटातली भाकर मोडून ठेवायची. "गरम व्हती, लवकर निवन मनून मोडली," म्हणायची. तुम्ही "बरं केलं" म्हणायचात. रोज भाकर गरम, रोज तेच बोलणं. मला तिथं बसवायचं नाही, मी पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्तानं उठायचे.

गॅरेजवर कोणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "रॅचेट सोन्यासारखं हाये. माहाच हात घसरला." मला वाटायचं, दुकानदारानं नकली माल दिला आणि तुम्ही माझं मन राखता. दुकानदाराशी भांडायचं म्हणून मी ते अमरावतीला आणलं आणि दुकानात नेण्याआधी वर्कशॉपमध्ये उघडलं. आत फक्त ग्रीस. पुसून, पातळ तेलाचे दोन थेंब टाकले तर दात जसेच्या तसे, खटका शाबूत. दुकानदाराचा काही दोष नव्हता. पुढच्या रविवारी मी तुम्हाला चाचांच्या दुकानात गाठलं आणि त्यांच्या देखत म्हणाले, "बाबा, हे तुमीच खराब केलं. याच्यात पातळ तेल पायजे, ग्रीस नाई. एवढं तं तुमाले समजाले पायजे व्हतं." मी तेव्हा नवीन शिकवायला लागले होते, मास्तरीण अंगात आली होती. चाचांनी मान खाली घालून उगाच बिलबुक चाळायला घेतलं. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत. "असं का," म्हणालात, "मंग माहंच चुकलं." त्यानंतर त्या हाताबद्दल आपण कधीही बोललो नाही.

तर सोमवारचं ठरलं आहे. निळी पेटी नाकारायची, चिरलेली गोटी टेबलावर ठेवायची, लहान पेटीची शिफारस करायची. आणि एक अट घालणार आहे: प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवायचा, मराठीत, ठळक अक्षरांत. सोडायला टामी, फिरवायला रॅचेट. दांड्यावर पाइप चढवू नये. पातळ तेलाचे दोन थेंब, ग्रीस भरू नये. काल तो मजकूर एका पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतला. ती कुठं अडली नाही. बदलीचा कागद निघाला तर निघू दे. मी सामान बांधेन, आणि जिथं जाईन तिथंही हाच कागद चिकटवेन.

हे सगळं मी तुलना तक्त्याच्या एका जादा प्रतीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहीत बसले आहे. सोमवारसाठी वेगळा स्वच्छ कागद घेईन, त्यावर कोन, जाडी, चीर, एवढंच येईल. हा कागद कुठंही जाणार नाही, म्हणून यावर लिहिते. ज्या रविवारी मी तुम्हाला रॅचेट दिलं, त्या दिवशी खोक्यातून घडी घातलेला एक छापील कागद निघाला होता, सगळा इंग्रजीत. तुम्ही तो काळजीनं उलगडून माझ्यापुढे धरलात. "पोरी, वाच बरं, काय लिवलं हाये याच्यात." मला अमरावतीला परतायचं होतं, बडनेऱ्याच्या गाडीची वेळ झाली होती, मी पिशवी खांद्याला अडकवत होते. मी म्हणाले, "काई नाई बाबा, जाहिरात हाये." मी तो वाचलाच नव्हता. नंतर चाचांच्या दुकानात तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत, तेव्हा तुम्हाला हे आठवत होतं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला आठवत होतं.