गळलेला शब्द

वॉशिंग्टन, जूनअखेर

तीर्थरूप लॉर्नामावशीस,

थीआचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कोल्हा अजून कोंबड्यांवर येतो का? मी बरी आहे (झोप सोडून, पण तिची तक्रार इथे सगळेच करतात, म्हणून ती धरत नाही).

आमच्या न्यायमूर्ती रेनफ्रोबाई या महिन्यात निवृत्त होतायत. नेब्रास्कात कुणी बाई वकील ठेवीना, म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं गुरांची आणि कुंपणांची भांडणं सोडवली. मग राज्याचं न्यायालय, मग सर्वोच्च. इथे बहुतेक वेळा त्या हरल्याच, पण हरताना जे लिहिलं तेच पुढे देशाचा कायदा झालं. त्या प्रत्येक लिखाणाचा शेवट एकच: 'मी आदरपूर्वक असहमत आहे.'

त्यांचं शेवटचं भिन्नमत त्यांचे जुने मित्र न्यायमूर्ती लिंडक्विस्ट यांच्या निकालाविरुद्ध होतं (कशाबद्दल ते सांगायची मला मुभा नाही, पेपरात आलंय, तिथे वाच). छपाईआधी तपासायचं काम माझं. शेवटी नुसतंच 'मी असहमत आहे.' मला वाटलं, घाईत शब्द गळला. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकलेल्या मुलीला दुसरं काय वाटणार? तिथे 'माफ कर मावशी, पण' म्हटल्याशिवाय पाढ्यांवरूनही वाद घालता येत नसे. मी शब्द घातला. इथे तो गाळणं म्हणजे भरल्या ताटावरून उठून जाणं, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी ते भर न्यायासनावरून वाचलं. शेवटच्या ओळीला थबकल्या, आणि छापलं होतं तसं वाचलं. लिंडक्विस्ट नंतर आमच्या दालनात आले. डोळे ओले. "गसी, मला वाटलं होतं या वेळी तू मला सोलणार," बाईंना म्हणाले, आणि रविवारी जेवायला बोलावून गेले.

दार लागल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "मुली, महिनाभर जपलेला राग होता तो. तू त्याचं जेवणाचं आमंत्रण करून टाकलंस." आणि शब्द उडवायचं दुरुस्तीपत्र काढायला सांगितलं.

मावशी, इथे मी जन्मात पहिल्यांदा हट्टाला पेटले. चूक माझी, नोकरी घ्या, पण तो शब्द मी काढणार नाही, असं सरळ सांगितलं. तो म्हातारा तो शब्द ऐकून समाधानाने घरी गेलाय. आता मागून जाऊन त्याच्या खिशातून काढून घ्यायचा का?

बाईंनी चष्मा काढला. "असहमत आहेस?"

"हो."

"मग लेखी दे. सकाळी. आणि लांबण लावू नकोस."

लिहून झालंय. सकाळी देणार. माघार नाही.

तुझी,
थीआ

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: तुझ्या मागच्या खोलीतला शिवणाचा पसारा हलवता येईल का? सोमवारपासून मी तिथे असेन असं दिसतंय. गावातल्या वाचनालयात जागा आहे का, तेही हळूच विचार. का ते सांगू नकोस.

आणखी एक ता. क. पत्र टाकायच्या आत, सकाळी दिलेला माझा कागद परत आला. खाली बाईंचं अक्षर: 'निकालाशी सहमत, शब्द राहील. कारणांशी असहमत. ती पुन्हा लिहून आण.'