विमानाचा डावा पंख

मूल, जिल्हा चांदा
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९५७

प्रिय गुणवंता,

तुझ्या आजीचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. अक्षर पाहून हसू नको. हे पत्र मी सोता लिवून राह्यली. गुरुजीकडून नाई, तुझ्या बहिणीकडून, कमळीकडून बी नाई, माझ्या हातानं! नीलाबाईच्या वर्गात दीड वर्स पाटी घासली. शेजारची सोमारी म्हणे, "बुढी आता मॅट्रिक होते का वो?" म्हणलं होईन, तुझ्या बापाचं काय गेलं. पण बसणं होत नाई रे एका जागी. सकाळपासून चार डाव उठली. एकदा कोंबड्या हाकलाले, एकदा चुलीपाशी, आन् दोनदा उगाच, विमान पाहाले. हो, तेच. तू लाकडाचं घडवलेलं. ज्याच्यापायी दोन वर्स झाले तू घराची पायरी चढला नाई.

ऐक, तुझा बाप ते रंगवून राह्यला! मुखरू! ज्यानं भर अंगणात "लाकडाच्या पाखरानं धान पिकते का?" म्हणून तुले हिणवलं होतं, तोच. तान्ह्या पोळ्याले कमळी लाकडाचा बैल काढाले माळ्यावर चढली, त बैलाच्या मागं तुझ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं विमान निघालं. सुरकुतलेला रंग, जागोजागी पोपडे. मुखरू ते मांडीवर घेऊन बसला. चहा थंडा झाला, बैल भुकेले राह्यले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं चांद्याले गेला, जलालुद्दीनभाऊकडे. तो नाई का, मोटारींवर चांदीच्या रंगाचे पट्टे मारते. मले वाटलं औत घेऊन येईल, आला त दोन डबे आन् एक कुंचला घेऊन.

डबा उघडला आन् पूर्‍या घरात पिकल्या केळ्याचा वास! सोमारी भिंतीवरून डोकावून म्हणे, "केळी पिकत घातली आन् शेजाऱ्याले एक बी नाई?" तो वास थिनरचा. मले आता सारं समजते. चांदी डब्याच्या बुडाशी बसते, बुडापासून काडीनं ढवळत राहा लागते, नाई त वरचा नुसता पाणचट वार्निश हाती येते. जलालुद्दीनभाऊनं बजावलं होतं, "मुखरूभाऊ, घासलेट टाकाल त दुधासारखा नासंल. ह्याले ह्याचंच थिनर. दुधापेक्षा पातळ, पाण्यापेक्षा जाड, बस." आन् कुंचला एकदा पुढं गेला का माघारी आणायचा नाई, खालचा थर उपटून येते. तुझ्या बापाले ते जड गेलं. नांगराचा माणूस, तास काढला का वळतेच. म्हणून आधी छपरावरच्या वाळल्या भोपळ्यावर हात बसवला. आता आपल्या घरी चांदीचा भोपळा आहे, कमळीनं दारात टांगला. येणारा-जाणारा विचारते, हा कोणता देव?

विमानाचा जुना रंग त्यानं काचेच्या तुकड्यानं खरडला. आठ दिवस. लाकूड थिनरच्या फडक्यानं पुसत जाय, फडकं पिवळं होय, नाकाशी नेय, फेकून दुसरं घेय. मी उंबऱ्यावर बसून पाहो आन् हात पदराखाली लपवो. पहिला थर दिला त्या दिवशी आभाळ भरून आलं, आन् चांदीवर पांढरी साय धरली. म्हणलं गेलं पुन्हा. त्यानं पंधरा दिवस उन्हाची वाट पाह्यली, साय घासून काढली, पुन्हा दिला. काल तिसरा थर झाला. एक माशी येऊन चिकटली पोटाशी, तीही त्यानं सुईच्या टोकानं अशी काढली का माशी जिती उडाली. ऊन पडलं का डोळे दिपतात बाबू.

डाव्या पंखाले मात्र त्यानं हात लावला नाई. तिथला तुझा रंग दोन वर्सांनी बी जसाच्या तसा आहे, एक सुरकुती नाई. पूर्‍या विमानाचा रंग वाळला नाई, सोलून निघाला, आन् तेवढाच पंख कसा टिकला, हे तू तवा पाह्यलं नाई. रागात कोणाले दिसते? विमान चांद्याच्या प्रदर्शनाले न्यायची मोटार उभी होती, तू बापाले म्हणला, "तुम्हीच काही तरी फासलं," आन् त्याच मोटारीत बसला. प्रदर्शन राह्यलं बाजूले, नागपूर गाठलं.

आता खरी गोष्ट लिवते. अक्षर वाकडं झालं त चालवून घे. आपल्या घरी नांगर येवो, मुसळ येवो का पाळणा, नव्या लाकडाले घरच्या म्हातारीनं आधी जवसाचं तेल पाजाचं. तेल पेल्याबिगर लाकूड घरचं होत नाई. तू रंगाच्या आदल्या दिवशी आंघोळीले गेला, तवा मी तुझ्या विमानाले तेल पाजलं, हातानं, मायेनं. डाव्या पंखापाशी आली त वाटी सरली. तुझ्या रंगानं त्या तेलावर जीव धरला नाई. रंग सोलला तवा तुझ्या बापानं ते हुंगलं आन् माझ्या हाताकडे पाह्यलं. मोटार निघाली, मी वरडणार होती, त त्यानं माझं मनगट धरलं. म्हणे, "राहू दे माय. माझ्यावर रुसला त तुझ्या ओढीनं येईल. तुझ्यावर रुसला त कोणाच्या ओढीनं येईल?" अन् तू त कोणाच्याच ओढीनं आला नाई. हे दुसऱ्याच्या हातून कसं लिवून घेऊ? म्हणून शिकली रे ही बुढी. बाप-लेकाची चांदी आता शेजारी शेजारी आहे, तुझी जराशी काळसर, त्याची उजळ. दोन्हीवर एकाच डब्यातला एक पातळ थर पायजे, मंग ओळखू येणार नाई. मुखरू म्हणते, "तो थर गुणवंताच्या हातचा." डब्याचं झाकण त्यानं मेण लावून बंद केलं, तरी रोज मले केळ्याचा वास येते. थिनर उडून राह्यलं, गुणवंता. दिवाळीच्या आत ये. रुसायचं त माझ्यावर रूस, पण इथी येऊन रूस.

तुझीच, तेलाच्या हाताची,
आजी