फाटकावरचे मासे आणि तुमची बादली

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायांशी, भिंतीच्या अलीकडून धाकट्या दिराचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? पाळणाघरातली फौज दुपारी झोपते की अजूनही तुम्हालाच झोपवून आपण हुंदडते? माझं म्हणाल तर मी जेवतो, झोपतो आणि माझं वजन वाढतंय. काळजीने माणूस खंगतो म्हणतात, ते निदान आपल्या घराण्याला लागू नाही. पत्र हातात पडल्यावर तुम्ही म्हणाल, भाऊजींचं डोकं ठिकाणावर आहे ना? खरं आहे. माझ्या खोलीच्या खिडकीतून तुमचं छप्पर दिसतं. मागे एकदा तुम्ही विहिरीपाशी उभ्या राहून कुणाला तरी फैलावर घेत होतात तेही दिसलं (हातवाऱ्यांवरून शेजारीणच असणार). जोरात हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लवकरच 'उघड्या दाराचा दिवस' साजरा व्हायचा आहे, त्यामुळे आमची सगळी दारं बंद केली आहेत. रजा बंद, बाहेर जाणं बंद, मोबाईल फाटकावरच्या पेटीत. म्हणून हे पत्र आधी शहरातल्या टपाल कार्यालयात जाणार, तिथून परत उलटं येणार आणि भिंतीला वळसा घालून तुमच्या दारात पडणार.

शिवाय पत्र उघडं द्यावं लागतं. ते आमच्या सुरक्षा कार्यालयातले शिक्केवाले वाचतात. तुम्ही त्यांना ओळखता, त्यांची धाकटी दिवसभर तुमच्याकडेच असते. त्यांचा नियम सोपा आहे. पत्रात आकडा नको, मालाचं नाव नको आणि दिशा नको. मागे मी मामांना 'डाव्या कुशीवर झोपलो की बरं वाटतं' असं लिहिलं, तर 'डाव्या' वर काळा पट्टा मारून पत्र गेलं आणि मामा अजून विचारतात की नेमकं कशावर झोपलास? (शिक्केवाले, नमस्कार. राग मानू नका. या पत्रात आकडे नाहीत, तुम्ही निवांत चहा घेऊन वाचायला बसा.)

माझ्या नव्या नोकरीबद्दल तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलंत म्हणे. ती नोकरी काय आहे ते आता तरी ऐका. पूर्वी मी खोक्यांवर अक्षरं रंगवायचो: 'सावधान', 'आपटू नये', 'आगीपासून दूर ठेवा'. आता मी लोकसंवाद अधिकारी आहे आणि त्याच कुंचल्याने भिंतीवर 'निर्धास्त राहा' असं रंगवतो. बढती म्हणजे एवढीच. वस्तीतल्या लोकांना कारखान्याचा विश्वास वाटावा, पाणी, हवा, माती आपण कशी जपतो ते त्यांना दिसावं, असं मोठ्या साहेबांच्या मनात आलं. (साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांना चांगली बातमी आवडते आणि वाईट बातमी त्यांच्यापर्यंत नेणारा माणूस आवडत नाही, एवढंच.) लोकांना आत काय चालतं ते दिसावं म्हणून आधी कारखान्याच्या शेडना मोठमोठ्या काचेच्या खिडक्या बसवल्या. मग सुरक्षावाल्यांनी डोक्याला हात लावला, म्हणून त्या काचा आतून करड्या रंगाने रंगवल्या. मग त्या भेसूर दिसायला लागल्या, म्हणून बाहेरून त्यांच्यावर हसतमुख कामगारांची चित्रं काढायला मला बसवलं. एका चित्रातला माणूस आपल्या दादासारखा झाला आहे. मुद्दाम नाही केला, हात तसा वळला. फक्त तळहात मी गोऱ्या रंगाचे काढले.

लोकांच्या प्रश्नांसाठी पेटी ठेवली आहे. तिची किल्ली सुरक्षा कार्यालयात असते आणि उत्तरं आधीच छापून आलेली आहेत, तेव्हा सध्या मी त्या उत्तरांना शोभतील असे प्रश्न जुळवत बसतो. 'कारखान्यात झाडं किती प्रेमाने वाढवली जातात?' हा प्रश्न एका वैतागलेल्या नागरिकाने विचारला आहे. तो नागरिक मीच.

पण हे सगळं किरकोळ. खरा घोळ माशांचा. साहेबांनी ठरवलं की फाटकाशी, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी काचेची मोठी टाकी ठेवायची. माल भरताना शेडमधलं जे पाणी धुऊन निघतं ते कोळशाच्या गाळण्यांतून साफ करून बाहेर सोडतात, तेच पाणी टाकीत भरायचं आणि त्यात शोभेचे मासे सोडायचे. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, यापेक्षा उघडा पुरावा कोणता? पहिल्याच दिवशी टाकी उन्हात होती आणि दुपारपर्यंत पाणी गुलाबी झालं. नळीतून येतं तेव्हा ते स्वच्छ दिसतं, ऊन लागलं की रंग धरतं. साहेब म्हणाले, समोरच्या फुलांची छाया पडली असेल. फुलं कापली, पाणी गुलाबीच. मग टाकीवर पत्रा घातला आणि विषय मिटला.

मासे मात्र पत्र्याखालीही मरत. सकाळी भोंगा व्हायच्या आत मी जाऊन बघे, तर एखादा तरी उताणा तरंगत असायचा. आता तुम्हाला आमच्याकडची जुनी खोड सांगायला हवी. मालाची तपासणी असली की तपासनीस यायच्या आत नासका नग उचलायचा आणि त्या जागी चांगला ठेवायचा, हे इथे प्रत्येकाच्या हाडीमाशी मुरलं आहे. कुणी शिकवत नाही, कुणी बोलत नाही. तेव्हा मीही कुणाला न सांगता शहरातल्या दुकानातून पिशवीत मासे मागवून ठेवले आणि मेलेला काढून जिवंत सोडू लागलो. मला काय ठाऊक, की फाटकावरचे मिशीवाले हवालदार पहारा बदलताना हेच करत होते, कारण आपल्या पहाऱ्यात मासा मेला तर जाब आपल्याला विचारतील अशी त्यांना भीती. आणि साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा गाडी पुसायच्या निमित्ताने हेच करत होता, कारण सकाळी मेलेला मासा दिसला की साहेब दिवसभर त्याच्यावर डाफरतात. मला मेलेला दिसायच्या आधी कधी हवालदारांनी तो बदललेला असायचा, कधी मी बदलल्यावर ड्रायव्हर खबरदारी म्हणून आणखी एक सोडायचा. (किती, ते विचारू नका, आकडे चालत नाहीत.) टाकी भरत गेली. दुकानदाराला वाटलं कारखान्याला माशांचं वेडच लागलं आहे. त्याने खाद्य फुकट पाठवलं.

आणि एका सकाळी साहेब टाकीपुढे थबकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मुलीच्या निकालाच्या दिवशीही फुलला नसेल. म्हणाले, "अहो, यांना पिल्लं झाली!" आम्ही सगळे बाजूला उभे होतो. मी हवालदारांकडे पाहिलं, हवालदारांनी ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरने बुटांकडे. त्या क्षणी तिघांनाही सगळं उलगडलं आणि तिघांनीही तोंड मिटून घेतलं. साहेबांनी मला लगेच पाटी रंगवायला सांगितली: 'येथे मासे वाढतात'.

इथवर हसण्यासारखं आहे, वहिनी, आणि मीही हसलो. पुढचं ऐका. आमच्या पाणीवाल्या इंजिनिअरबाईंनी कोळसा बदलून मागितला होता. जुना कोळसा भरून गेला, आता तो काही धरत नाही, पाणी जसंच्या तसं बाहेर जातं, असं त्या किती महिने सांगत होत्या. साहेबांनी त्यांना टाकीपाशी नेलं आणि म्हणाले, मासे वाढत असताना कोळसा कशाला? मागणी परत गेली. बाई माझ्याकडे आल्या आणि परत आलेला मागणीचा कागद टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या. माझ्या खणात तेव्हा माशांची पिशवी होती, त्यातला एक उडी मारत होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी साहेबांकडे गेलो, खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही फार दमला आहात. कार्यक्रम झाला की आठवडाभर रजा घ्या."

आता कार्यक्रमाचं. तेच पाणी पेल्यात घेऊन सर्वांसमोर कुणीतरी प्यायचं, असं ठरलं. साहेबांनी प्यावं म्हटलं, तर नेमकं त्यांचं पोट नाजूक निघालं. आमचे डॉक्टर म्हणाले, मी जन्मात पाणी पीत नाही, चहाच पितो. उपसाहेबांना त्या दिवशी दात काढायचा आहे (दात मी पाहिला, चांगला आहे). मग साहेबांना सुचलं की आपण प्यायलो तर लोक म्हणतील हे आपलेच, खरा पारदर्शकपणा म्हणजे वस्तीतल्याच कुणीतरी प्यायला हवं. जिला सगळे मानतात अशी बाई, जिच्या विहिरीवर गल्ली भरते आणि जिचा नवरा इथेच राबून गेला. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे किती प्रेमाने पाहिलं म्हणून सांगू.

त्यांनी तुम्हाला धाडलेल्या निमंत्रणाचं तुमचं उत्तर साहेबांनी बैठकीत वाचून दाखवलं. 'भाऊजींनी पाणी चांगलं म्हटलंय ना, मग पेला काय, कळशीभर पिईन.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजतात. तेव्हा जरूर या, वहिनी. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची आहे, मी स्वतः तिच्यावर तुमचं नाव रंगवलं आहे. सगळ्यांना माझा नमस्कार, पाळणाघरातल्या फौजेला गालगुच्चे. लोभ आहेच, तो या खुळ्या दिरावर तसाच राहू द्या.

तुमचा,
भिंतीपलीकडचा

ता. क. माझा जुना स्वेटर तुमच्या पेटीत असेल तर येताना आणा. पत्र खरं त्यासाठीच लिहिलं.

ता. क. पुन्हा. स्वेटरचं राहू द्या. तुमच्या मागच्या पत्रातल्या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. तुम्ही लिहिलंत, अंगणात भरून ठेवलेली बादली दुपारपर्यंत गुलाबी होते, शेजारणीच्या दुलईचा रंग उतरतो, म्हणून तिच्याशी बोलणं सोडलंय. वहिनी, तिच्याशी आजच्या आज बोला. रंग दुलईचा नाही. आमच्या टाकीतला रंग आहे, तो तुमच्या विहिरीत आला आहे. माल भरून भरून दादाच्या तळहातांना चढलेला पिवळेपणा जात नव्हता, उशीचे अभ्रे तुम्ही दगडावर घासून घासून फाडलेत तरी डाग गेला नाही, आणि तो गेल्यावर कागदावर 'कावीळ' लिहून आमच्या डॉक्टरांनी आपली बोळवण केली. तेव्हा आपण गप्प बसलो. दादा मोठा माणूस होता, पगार घेऊन आत जात होता. पाळणाघरातली पोरं काही पगार घेत नाहीत. विहिरीचं पाणी पिऊ नका, मुलांना देऊ नका, त्यात भातही शिजवू नका, उकळून काही होत नाही. चौकातला नळ लांब पडेल, पण त्याचं पाणी दुसरीकडून येतं (कुठून ते लिहिता येत नाही).

कार्यक्रमाला मात्र याच. येताना विहिरीची भरलेली बादली आणा. पेला हातात देतील तेव्हा पिऊ नका, तो बादलीशेजारी उन्हात ठेवा आणि म्हणा, जरा थांबू या. गल्लीतल्या सगळ्यांना बसवून ठेवा, कुणाला उठू देऊ नका. रंग चढायला वेळ लागतो. तोवर आभाराचं भाषण माझ्याकडे आहे. मला लांबण लावता येतं, हे इथवर वाचून तुम्हाला कळलंच असेल. नोकरी जाईल, जाऊ दे. तुम्ही राहा.

(शिक्केवाले, तुम्ही इथवर वाचलं असेल तर चहा गार झाला असेल. यात आकडा नाही, मालाचं नाव नाही, दिशा नाही. पट्टा मारायचा तर खुशाल मारा. फक्त त्याआधी तुमची धाकटी दिवसभर कुठलं पाणी पिते ते आठवा.)

(खाली वेगळ्या अक्षरात, शिक्क्याशेजारी:)

तपासले. आक्षेपार्ह काही नाही. वहिनी, धाकटीची तुमच्याकडे भरलेली बाटली काल आमच्या खिडकीतल्या उन्हात राहिली होती. संध्याकाळी तिने ती सरबत म्हणून पिऊन टाकली, आम्ही हसलो. पत्र टपालात टाकत नाही, हाताने आणून देतो. बादली जड असेल, ती मी उचलीन.