जुन्या बोर्डाचं लायसन्स

ठमे,

कॉम्प्युटर चालू केलास की कोपऱ्यात विंडोजचं लायसन्स मागेल. घाबरू नकोस, हा माझाच उपद्व्याप. तू बाहेर पडल्यावर मी मदरबोर्ड बदलला. दुकानदार म्हणतो, लायसन्स जुन्या बोर्डालाच बांधलेलं होतं. आणि तो बोर्ड मी शहाण्याने लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला! तोच परत आणायला चाललोय. बिनलायसन्सच्या मशीनवर तुझं ऑफिस काम करू देत नाही, ठाऊक आहे मला. तोवर माझ्या नावाने खुशाल बोटं मोड.

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घे.

कॉम्प्युटर हळू चालतो, अशी कुरकुर तू कधीच केली नव्हतीस. पण रिटायर झाल्यापासून घरातलं सगळं दुरुस्त करून झालं होतं गं. बिघडलेलं काही उरलंच नव्हतं.

— बाबा