कानातला कापूस आणि तुमच्या चिरंजीवांचा बेस

सौ. विहीणबाईंना, गुडघे वाकतात तेवढे वाकवून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण तुमचे चिरंजीव खुशाल नाहीत. घाबरू नका. ताप नाही, नोकरी जागेवर आहे, माझ्या मुलीशी भांडणही नाही (म्हणजे नेहमीचं आहे, जास्तीचं नाही). त्यांचे कान गेलेत. म्हणजे गेलेले नाहीत, पण गेले असं त्यांनी धरून ठेवलंय, आणि ते का, हे सबंध घरात मला एकटीला ठाऊक आहे. पाच दिवस झाले, घास घशाखाली उतरत नाही. (उतरतो, पण चव लागत नाही.)

मुळापासून सांगते. जावईबापू दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात आणि घरी आले की कानात ती बोंडं घालून बसतात. इअरफोन हो. चौदा जोड आहेत घरात, कान दोनच. (माझ्या साड्या मोजल्या तर मला बोलायला जागा नाही, म्हणून गप्प बसते.) संध्याकाळी एक बोंड त्यांच्या कानात, एक आपल्या नातीच्या, आणि दोघं डोळे मिटून माना हलवतात. बघून जीव निवतो. तर त्यांच्यासारखे आणखी चौघे आहेत, मी त्यांना कानकरी म्हणते. नवा जोड आला की पाच घरं फिरतो. एकेकाने चार दिवस ऐकायचा, कसा ऐकू आला ते फोनवरच्या ग्रुपात लिहायचं आणि पुढच्याकडे धाडायचा. विहीणबाई, आपण सोयरीक जुळवताना एवढी चौकशी केली असती तर तुमची माझी गाठच पडली नसती! पहिला मान जावईबापूंचा. त्यांनी लिहिलं की बाकीचे तेच प्रमाण धरून ऐकतात.

मागच्या महिन्यात एक जोड आला, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘जबरदस्त बेस’. बेस म्हणजे गाण्यातला खालचा धमधम आवाज, आणि वरचा किणकिण तो ट्रेबल. (चौथीत नापास झालेली मी, पण हे एका दिवसात पाठ केलं.) आणि नेमकी जावईबापूंना सर्दी, दोन्ही कान गच्च. चौथा दिवस उजाडला, लिहायचं तर होतंच. त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, “मला दोनच बेस कळतात, एक मिक्सरचा आणि एक तुमच्या घोरण्याचा.” मग बिचारे माझ्यापुढे येऊन उभे. “सासूबाई, जरा ऐकून सांगता का?” जावयाने आजवर माझ्याकडे मत मागितलं नव्हतं हो! मी पदर सारखा केला आणि बसले.

ऐकलं, आणि सुचलं ते सांगितलं. म्हटलं, शेजारी कुणी गादी झोडपतंय तसं छातीत वाजतंय, आणि गाणारी बाई जिना उतरून तळघरात जाऊन गातेय. जावईबापू वाकून लिहीत होते. त्याचं त्यांनी केलं, ‘बेस भरीव आणि खोल, ट्रेबल मवाळ, गायिका चार पायऱ्या खाली, तळघरात.’ सही त्यांची, शब्द माझे. चौघांनी वा वा केली. मी दोन दिवस घरात अशी वावरले की मुलगी म्हणाली, आईला काय झालंय.

ते तिसऱ्या दिवशी कळलं. माझा कान ठणकत होता म्हणून डॉक्टरांनी औषध घालून वर कापूस ठेवायला सांगितला होता. एक दुखला की दुसऱ्यातही ठेवायचा ही माझी अक्कल. दुपारी औषध बदलायला बसले तर दोन्ही कानांतून हे एवढाले बोळे निघाले. विहीणबाई, मी त्या बोळ्यांवरून गाणं ऐकलं होतं! किणकिण सगळी कापसाने खाल्ली, धमधम तेवढी माझ्यापर्यंत आली.

तोवर जोड पुढे गेला होता. मला वाटलं, पुढचा बोंबलेल. कसलं काय! चौघांतल्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, आधी जरा टोचलं, पण तिसऱ्या दिवशी बेस उमलला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांनी तर कमाल केली, त्यांना तळघराची ओलसुद्धा ऐकू आली! उरलेल्या दोघांनी नुसतं ‘सहमत’. मग जोड फिरून घरी आला, जावईबापूंची सर्दीही गेली होती. त्यांनी बोंडं कानात घातली आणि चेहराच पडला. म्हणाले, “हे तर पत्र्यावर चमचा ओढल्यासारखं वाजतंय. सगळ्यांना बेस ऐकू येतो, मलाच नाही.” रबराच्या टोप्या बदलल्या, कान धुतले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. तर जावईबापू म्हणतात, “कानाच्या डॉक्टरांना बेसमधलं काय कळतं?” चौदाही जोड बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेत, लिफ्टवाल्यांना देणार आहेत. भिंग घासताना चाकाच्या आवाजावर भरवसा राहिला नाही म्हणून परवा एक भिंग फोडलं. आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसतात.

सांगायला दहा वेळा तोंड उघडलं. पण चारचौघांत त्यांची मान खाली जाईल, आणि जावयाचे कान सासूने बुडवले हे आयुष्यभर माझ्या माथी. तुम्ही समजून घ्याल. कंबरेला शेक देत जा. लोभ आहेच, या पत्रानंतर उरेल तेवढा ठेवावा.

तुमची विहीण

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. व्याहीबुवांकडून मुलाला चार ओळी लिहवून घ्या की आपल्या घराण्यात चाळिशीला कान पंधरा दिवस रुसतात आणि आपोआप परत येतात, माझंही झालं होतं. बापाने लिहिलं की त्यांना पटेल. (व्याहीबुवांना वरच्या मजल्यावरून चहाची कपबशी ऐकू येते हे मला माहीत आहे. तरी लिहवाच.)

ता. क. दुसरा. व्याहीबुवांचं ते पत्र टाकू नका असं सांगायला मला पुन्हा पत्र लिहावं लागलं असतं, पण पाकीट अजून इथेच आहे. काल नात येऊन म्हणाली, “आजी, बाबांना माझ्याबरोबर ऐकायचा कंटाळा आला का गं?” मग मला राहवेना. जाऊन सगळं ओकले. जावईबापूंनी वाकून माझ्या कानांकडे बघितलं. मग म्हणाले, “दोन्ही कानांत?” म्हटलं, दोन्ही. उठले, खोक्यातून तो जोड काढला, कानात घातला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “कर्कश आहे हो सासूबाई, चांगलं कर्कश आहे!” नातीला उचलून घेतलं. आणि सरळ माणूस, ग्रुपात कापसासकट सगळं खरं लिहून टाकलं.

आज चौघांची उत्तरं आली. दातांचे डॉक्टर लिहितात, सासूबाईंवर ढकलू नका, वयाने ट्रेबल टोचतोच, आम्ही समजू शकतो. लिफ्टवाले म्हणतात, मला तळघर अजून ऐकू येतंय. दोघं सहमत. जावईबापू मघापासून तेच वाचतायत आणि म्हणतायत, “चार माणसं खोटं कशाला बोलतील?” लिफ्टवाल्यांना द्यायचं खोकं पुन्हा बाहेर आलंय, नात त्यावर बसून राहिलीय, उठायला तयार नाही.

तेव्हा विहीणबाई, हात जोडते. व्याहीबुवांचे कान पंधरा दिवसांसाठी बिघडवाच.